खोकला दाबून धरू नकोस

प्रिय बाळा,

लेक्चरमध्ये खोकला आला की रुमाल तोंडाशी धरून तो दाबतोस, असं तू लिहिलंयस. हे वाचून मला राहवेना, म्हणून लगेच लिहायला बसले. ही सवय तुला २०२० सालानं लावली. सोलापूरच्या पूर्व भागात भिंतीला भिंत लागून घरं. टाळेबंदीत यंत्रमाग बंद पडले, गल्ली चिडीचूप झाली आणि तुझा सकाळचा खोकला चार घरांपलीकडे ऐकू जाऊ लागला. माणसं घाबरलेली होती, त्यांना मी दोष देत नाही. पण शाळकरी वयात तू खोकला गिळायला शिकलास, ते मला अजून सलतं.

तुझ्या या सिस्टिक फायब्रोसिसच्या आजारात जनुकातल्या दोषामुळे पेशींतून क्षाराची ये-जा बिघडते, कफ घट्ट चिकट होतो आणि स्यूडोमोनाससारखे जंतू त्यात ठाण मांडतात. तो बेडका बाहेर पडायलाच हवा. खोकणं हा तुझ्या उपचाराचाच भाग आहे. दाबलास तर कफ आत राहतो, बस्स.

म्हणून वेळ ठरवून टाक. कॉलेजला निघण्याआधी खिडकी उघडून नेब्युलायझर घे, मग शिकवल्याप्रमाणे हफ कर, म्हणजे तोंड उघडं ठेवून जोरानं श्वास बाहेर सोड, आणि मोकळेपणानं खोक, शेजारी ऐकू गेलं तरी चालेल. छाती साफ करून निघालास तर वर्गात त्रास कमी होईल. तरी आलाच, तर बाहेर जाऊन खोकून ये. कुणी विचारलं तर सांग, हा जन्मापासूनचा आजार आहे, कुणाला लागत नाही. आणि हो, नेब्युलायझरचा कप धुऊन रोज पाच मिनिटं उकळायचा, यात आळस नको. मात्र तो उकळण्याजोगा आहे ना, हे माहितीपत्रकात बघून घे.

मात्र ताप आला, बेडक्याचा रंग बदलला किंवा जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त दम लागला, तर ‘माझं हे नेहमीचंच’ म्हणून सोडून देऊ नकोस. साथीच्या दिवसांत हा धोका जास्त. त्याच दिवशी फोन कर, तपासणी करून घे.

पुन्हा साथ आली तर काय, असं विचारतोस. २०२० मध्ये आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता. पुढे १९ देशांतल्या, तुझाच आजार असलेल्या आणि कोरोना झालेल्या १८१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. त्यांतले बहुतेक जण बरे झाले होते. फुफ्फुसाचं प्रत्यारोपण झालेल्यांना आणि फुफ्फुसं आधीच कमजोर असलेल्यांना जड गेलं, हेही खरं. मला जास्त काळजी वाटली ती घरात बसून चुकलेल्या तपासण्यांची. कल्चर म्हणजे बेडक्यातल्या जंतूंची तपासणी नाही, फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजणारी स्पायरोमेट्री नाही, वजन नाही. नुकसान हळूहळू होतं, म्हणून ते कुणाच्या लक्षात येत नाही. अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूलसाठी तुझ्या वडिलांची झालेली धावपळ आठवते ना? निदान महिनाभराचा साठा घरी ठेव आणि फ्लूची लस दरवर्षी घे.

तुझ्यासारखा आजार असलेला मित्र ऑनलाइन भेटलाय, त्याला प्रत्यक्ष भेटायचंय, असंही लिहिलंस. इथे मी कठोर होणार आहे. नको. आजार लागत नसला, तरी तो असलेल्या एकाच्या फुफ्फुसातले जंतू तसाच आजार असलेल्या दुसऱ्याला लागू शकतात, म्हणून तुमच्यातल्या दोघांनी लांब राहायचं हा नियम कोरोनाच्या कितीतरी आधीचा आहे. व्हिडिओ कॉलवर मात्र तासन्‌तास बोला. तुझं दुखणं त्याला समजेल तसं मलाही समजणार नाही.

आपल्याकडचा मे महिना तर तुला ठाऊकच आहे. तुझ्या घामातून मीठ फार जातं. पारा चाळिशीपार गेला की पाण्यात मीठ किती घालायचं ते डॉक्टरांना विचारून ठरव, आणि ‘मीठ कमी खा’ हा इतरांना दिलेला सल्ला स्वतःला लावू नकोस. शेंगा चटणी, तूप, भाकरी भरपूर खा, फक्त जेवायला बसताना कॅप्सूल घ्यायची.

पुढच्या आठवड्यात बेडका कल्चरला दे आणि रिपोर्ट आला की मला पाठव.

तुझी,
फिजिओथेरपीच्या मॅडम
सोलापूर