काउन्सिलचा रेट माझ्या फीपेक्षा कमी आहे, वरचा फरक पालकांकडून घेता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की इंग्लंडमध्ये चाइल्डमाइंडर (स्वतःच्या घरी दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी) म्हणून नुकतं रजिस्ट्रेशन झालंय, तुमचा रेट तासाला ७ पौंड, काउन्सिल फंडेड तासांसाठी (म्हणजे पालकांना फुकट, पैसे सरकारचे) ३-४ वर्षांच्या मुलाचे ५.९० देतं आणि २ वर्षांखालच्या बाळाचे १०.६०, तर मोठ्या मुलाचे वरचे १ पौंड १० पेन्स पालकांकडून घेतले तर चालतं का. घरात स्वतःची १४ महिन्यांची मुलगी आहे आणि नणंदेचा ३ वर्षांचा मुलगाही येणार, असंही लिहिलंय. मी लंडनजवळच्या स्लाउला ९ वर्षं हेच काम करतेय, त्यामुळे अनुभवाचं सांगते.

नाही चालत. याला टॉप-अप म्हणतात आणि तो घ्यायला बंदी आहे. नाव बदलूनही चालत नाही हे मी स्वतः शिकले. पहिल्या वर्षी मी बिलात 'सेटिंग सपोर्ट' अशी एक ओळ टाकली होती, १२ पौंड आठवड्याला, कुणीतरी ग्रुपवर सांगितलं म्हणून. काउन्सिलमधून फोन आला, बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं की हे १२ पौंड नक्की कशाचे? मला उत्तरच देता येईना, कारण ते खरंच कशाचेच नव्हते, फरकच होता तो. सगळे परत करावे लागले.

पण ताई, तुम्ही एका मुलाच्या एका तासाकडे बघताय म्हणून ते १.१० टोचतंय. अख्ख्या वर्षाकडे बघा. नोकरदार पालकांना आठवड्याला मिळणारे फंडेड ३० तास हे ३८ आठवड्यांचे असतात, म्हणजे वर्षाला ११४० तास. आपण काही शाळेसारखं ३८ आठवडे काम करत नाही, मी ४७ आठवडे उघडी असते. मग ते ११४० तास ४७ आठवड्यांवर पसरवायचे (याला स्ट्रेच म्हणतात), आठवड्याला साधारण सव्वाचोवीस तास येतात. मूल ३ दिवस ८ ते ६ येत असेल तर आठवड्याचे ३० तास झाले, उरलेले पावणेसहा तास तुमच्या रेटने, म्हणजे सव्वाचाळीस पौंड. ते उघडपणे घ्या, ते जास्तीचे तास आहेत.

आता हिशोब मांडा. असं ३ वर्षांचं एक मूल पूर्ण प्रायव्हेट असतं तर वर्षाला १४१० तासांचे ९८७० पौंड. फंडेड धरलं तर काउन्सिलकडून ६७२६ आणि पालकांकडून १८९०, एकूण ८६१६. म्हणजे १२५४ पौंडांचा खड्डा. पण त्याच दिवसांना वर्षाचं बाळ घेतलंत तर काउन्सिलचेच १२०८४ येतात, वर पालकांचे १८९०, एकूण १३९७४. तुमच्या प्रायव्हेट फीपेक्षा ४१०४ जास्त! एका बाळाने तीन मोठ्या मुलांचा खड्डा भरून वर शिल्लक राहते. सप्टेंबर २०२५ पासून ९ महिन्यांपुढच्या बाळांनाही पूर्ण ३० तास मिळायला लागले तेव्हापासून हे गणित असं पालटलंय, आधी म्हणजे २०१७ ला जेव्हा ३० तास फक्त ३-४ वर्षांच्यांना सुरू झाले तेव्हा आमच्यातल्या कित्येकींनी नकोच म्हणून सांगितलं होतं. फक्त बाळ कायम बाळ राहत नाही, वय वाढलं की रेट खाली सरकतो, त्यामुळे आज हातात जास्त येतंय म्हणून सगळं खर्चून बसू नका आणि पुढच्या जागा भरताना वयं बघून भरा.

आणि इथेच तुमची खरी अडचण आहे जी तुम्ही विचारलीच नाहीये. ५ वर्षांखालची साधारण तीनच मुलं ठेवता येतात आणि त्यात स्वतःचं मूलही मोजलं जातं. म्हणजे एक जागा तुमच्या लेकीनेच घेतली. दुसरी नणंदेच्या मुलाने. आणि या दोघांचंही फंडिंग तुम्हाला मिळणार नाही, स्वतःच्या मुलाचं नाही आणि घरात सांभाळलेल्या नात्यातल्या मुलाचंही नाही, मामी असलात तरी नाही. त्याच मुलाला पलीकडच्या गल्लीतल्या चाइल्डमाइंडरकडे सोडलं तर तिला मिळतील, तुम्हाला नाही. विचित्र आहे, पण आहे असं. म्हणजे कमावती जागा उरली एक.

खाणं, नॅपी, सनक्रीम, बाहेर नेलं तर त्याचं तिकीट, याचे पैसे घेता येतात, पण पालक नको म्हणू शकतात आणि नको म्हणाले म्हणून जागा नाकारता येत नाही. कागद, रंग, पुस्तकं, घराचा इन्शुरन्स, लाइटबिल हे काहीच त्यांच्यावर टाकायचं नाही. रजिस्ट्रेशन फी पण नाही, डिपॉझिट घेतलंत तर पूर्ण परत. माझ्याकडे जेवण आणि दोन वेळचं खाणं मिळून दिवसाला ५ पौंड आहेत, बहुतेक जण देतात. एक आई म्हणाली मी डबा देईन. दिला. पहिल्याच दिवशी तिच्या पोराने डबा उघडला, मऊ तूप-भात आणि मेतकूट, आणि माझ्या पास्त्याच्या ताटांसमोर बसलेली दोघं उठून त्याच्या डब्यात बोटं घालायला लागली. आता बुधवारी सगळ्यांनाच तूप-भात असतो, आणि त्या आईने डबा बंद करून ५ पौंड सुरू केले. ठरवून नाही झालं, पण झालं. मात्र नाही म्हणणाऱ्याशी तोंड वाकडं करू नका, बिलात फंडेड तास, जास्तीचे तास, खाणं, इतर वस्तू, बाहेरचे कार्यक्रम अशा वेगळ्या ओळी ठेवा, २०२५ पासून ते बंधनकारकच झालंय.

पालक 'फ्री' शब्द वाचून येतात, आणि आपल्याकडे फुकट ते पौष्टिक, मग सव्वाचाळीसचं बिल बघून भांडण. म्हणून पहिल्या भेटीतच त्यांच्यासमोर कागदावर सव्वाचोवीस आणि पावणेसहाचं गणित करून दाखवा. त्या पावणेसहा तासांना त्यांना टॅक्स-फ्री चाइल्डकेअर वापरता येतं, त्यांनी ८ पौंड भरले की सरकार २ घालतं, हेही सांगा, कित्येकांना माहीतच नसतं.

आपल्या लोकांत अजून एक घोळ असतो. नवरा-बायको दोघंही वर्क व्हिसावर आणि व्हिसावर पब्लिक फंड (सरकारी मदत) नाही असं लिहिलेलं, तर नोकरदार पालकांचे ३० तास मिळत नाहीत. दोघांपैकी एकाकडे सेटलमेंट (कायम राहण्याची परवानगी) किंवा ब्रिटिश पासपोर्ट असेल तर चालतं. मूल ३ वर्षांचं झालं की पुढच्या टर्मपासून (शाळेच्या सत्रापासून) १५ तास मात्र सगळ्यांनाच आहेत. हे जागा देण्याआधी विचारा, मग 'अहो आम्हाला वाटलं मिळेल' ऐकावं लागत नाही.

कोडचं तर विचारूच नका. ३० तासांसाठी पालकांनी सरकारकडून काढायचा ११ आकडी कोड टर्म सुरू व्हायच्या आधी लागतो, ३१ ऑगस्ट, ३१ डिसेंबर, ३१ मार्च या तारखा फ्रिजवर लावा, आणि दर ३ महिन्यांनी पालकांनी तो परत कन्फर्म करायचा असतो. एका बाबांनी ४ सप्टेंबरला कोड काढला, म्हणजे जानेवारीपर्यंत काही नाही, आणि माझ्या करारात त्याबद्दल ओळच नव्हती, मग डिसेंबर संपेपर्यंत निम्म्या फीवर सांभाळलं. आता करारात स्पष्ट लिहिलंय की कोड नसेल तर ते तास माझ्या रेटने. मी दर टर्मआधी तीन आठवडे व्हॉट्सअॅप करते, वर दोन आठवणी.

नणंदेशी मात्र पैशांचं आत्ताच बोलून घ्या, मूल यायला लागायच्या आत. माझ्या बहिणीची मुलगी दीड वर्ष माझ्याकडे होती, पैसे कसे मागायचे म्हणून मागितले नाहीत, तर ती दर रविवारी २० पोळ्या करून आणायची. त्या जागेचे तासाला ७ पौंड लावले तर अख्ख्या स्लाउमध्ये एवढ्या महाग पोळ्या कुणी खाल्ल्या नसतील.