“मॅडम, हे माझ्या मनाचंच आहे का?”

हा प्रश्न सोलापुरात समुपदेशन करताना मी इतक्यांदा ऐकला आहे, की एकदा सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या ताई विडी कामगार. मजुरी हजार विड्यांमागे मिळत असल्याने बैठक मोडली की पैसा बुडतो. संध्याकाळी सूप मांडीवर घेतले की पोटऱ्यांत आतून वळवळ सुरू होई आणि उठून चालल्याशिवाय राहवत नसे. अंथरुणावरही तेच, म्हणून मध्यरात्री गच्चीवर फेऱ्या. मालीश, एक्स-रे, ताकदीची इंजेक्शने यांत भिशीची रक्कम संपली आणि रिपोर्ट चांगले आल्यावर घरच्यांची सहानुभूतीही.

तिसऱ्या भेटीला पती आले. “काम टाळायला उठते,” ते म्हणाले.

“सकाळीही उठतात?”

“नाही. दुपारपर्यंत मुकाट बसून चार-पाचशे विड्या वळते की.” ते थबकले. मग हळूच म्हणाले, “टाळायचंच असतं तर सकाळीही टाळलं असतं.”

हे वाक्य मी पहिल्याच भेटीत सांगू शकले असते. परंतु दोष माणसाचा नसून तक्रारीचा आहे, हे घरच्यांना स्वतः गवसावे लागते, असे मी मानते. त्या दिवशी गप्प राहिल्याचे मला आजही समाधान आहे. ताई पदर तोंडाला लावून बराच वेळ रडल्या.

विसाव्याच्या वेळी, विशेषतः संध्याकाळनंतर वाढणारी आणि हालचालीने शमणारी ही ओढ म्हणजे ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’. स्वीडनचे डॉक्टर एकबोम यांनी 1945 मध्ये तिला हे नाव दिले. तिचे निदान एक्स-रेवर नव्हे, नीट ऐकलेल्या हकिगतीवर होते. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातील लोहाचा साठा कमी असू शकतो, म्हणून डॉक्टरांना फेरिटिनच्या, म्हणजे हा साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीविषयी जरूर विचारा. या आजारात ते 75 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी असले तरी लोह देण्याचा विचार होतो. लोहाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने घेऊ नयेत. सर्दीच्या काही गोळ्यांनी आणि काही मानसोपचाराच्या औषधांनी त्रास वाढतो, तेव्हा चालू औषधांची यादी सोबत न्या. या आजारावर दिल्या जाणाऱ्या, मेंदूतील डोपामिन या रसायनासारखे काम करणाऱ्या गोळ्यांनी कालांतराने त्रास उलट वाढू शकतो, शिवाय काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा अनावर मोह होतो. तसे दिसल्यास घरच्यांनी ते लपवू नये, लगेच डॉक्टरांना सांगावे.

ताईंचे फेरिटिन 19 निघाले. उपचार सुरू आहेत, वळवळ पूर्ण गेलेली नाही. पण आता विड्यांचे बरेचसे काम त्या सकाळीच उरकतात, आणि या महिन्यापासून भिशी पुन्हा सुरू केली आहे.