वायूने ‘फाशी’ कशी देणार?

‘अलाबामात खुनी कैद्याला नायट्रोजन वायूने फाशी’ असे लिहिणे योग्य आहे काय, आणि ‘देहदंड’ व ‘मृत्युदंड’ यांपैकी कोणता शब्द वापरावा, असे एका वाचकाने विचारले आहे. पहिल्याचे उत्तर मुळीच नाही. ‘विषारी इंजेक्शनने फाशी’ असे मथळे मी वर्षानुवर्षे वाचतो आहे आणि दर वेळी सुई गळ्याला बांधतात की काय, असे वाटते.

आपल्या फौजदारी न्यायालयांनी ठोठावलेला मृत्युदंड गळफासानेच अमलात येत असल्यामुळे शिक्षा आणि तिची रीत या दोहोंना मराठीत एकच शब्द पुरला. अमेरिकेत तसे नाही. तेथे न्यूयॉर्कने १८९० मध्ये विजेची खुर्ची वापरली, नेवाडाने १९२४ मध्ये विषारी वायू, टेक्सासने १९८२ मध्ये इंजेक्शन. युटाने १९७७ मध्ये गॅरी गिलमोर याला गोळ्या घातल्या.

यावर ‘फाशी’चा अर्थ आता कोणताही मृत्युदंड असा विस्तारला आहे, असे म्हणणारे ‘तेल’ शब्दाचा दाखला देतात: तो तिळापासून आला, तरी आपण शेंगदाण्याचे तेल म्हणतोच ना! दाखला चुकीचा आहे, कारण तिळाचे तेल वेगळे सांगायची सोय भाषेने राखली आहे; ‘फाशी’चा अर्थ ताणला की ती सोय उरत नाही. डेलावेअर राज्याने १९८६ मध्ये इंजेक्शन स्वीकारले, परंतु शिक्षा त्याआधीची असल्यामुळे बिली बेली या खुन्याला गळफास आणि इंजेक्शन यांतून निवड करता येत होती. त्याने इंजेक्शन नाकारले आणि २५ जानेवारी १९९६ रोजी त्याला खरोखरीची फाशी झाली. आता या विद्वानांनी हे वाक्य आपल्या मराठीत लिहून दाखवावे. ‘त्याने फाशी नाकारून फाशी स्वीकारली’? (केनेथ स्मिथला अलाबामाने नायट्रोजनने मारले, तीही तारीख २५ जानेवारीच, वर्ष २०२४.)

शब्दाचे मूळ मात्र मोठे रमणीय आहे. संस्कृत ‘पाश’चा ‘फास’ झाला. ‘पनस’चा ‘फणस’ आणि ‘परशु’ची ‘फरशी’ होताना ‘प’चा असाच ‘फ’ झालेला दिसतो. फासेपारध्यांच्या नावातला फास तोच, जनावरे धरण्याचा. सोंगट्यांच्या खेळातला ‘फासा’ ‘पाशक’पासून आला, आणि माझ्या मते पाश व पाशक मुळात एकच होत. हे साम्य केवळ ध्वनीचे आहे, असे सांगून मला गप्प करू पाहणाऱ्यांनी क्रियापदाकडे लक्ष द्यावे: फास टाकतात आणि फासेही टाकतात, आणि दोन्हींत कोण सापडेल हे टाकणाऱ्यालाही आधी ठाऊक नसते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ‘फर्मन विरुद्ध जॉर्जिया’ खटल्यात तत्कालीन मृत्युदंड रद्द ठरवले, तेव्हा न्यायमूर्ती स्टुअर्ट यांनी अशा शिक्षेची तुलना अंगावर वीज कोसळण्याशी केली आणि न्यायमूर्ती ब्रेनन यांना तीत सोडत दिसली. सारख्याच खुनांसाठी एकाला मृत्यू आणि दुसऱ्याला तुरुंग, ही त्यांची तक्रार मराठीत एका शब्दात मावली असती: फासा. पुढे १९७६ मध्ये ‘ग्रेग विरुद्ध जॉर्जिया’ निकालाने ज्यूरींना निकष घालून देणारे नवे कायदे मान्य झाले आणि शिक्षा परतली.

राहता राहिला ‘देहदंड’. तोही चालेल, पण रीत कोणतीही असो, ‘मृत्युदंड’ लिहावे.