कुत्रं चावलंय, इंजेक्शनं सुरू आहेत; बाळाला पाजू का?

प्रश्न : डॉक्टर, माझं बाळ सव्वातीन महिन्यांचं आहे. परवा अंगणात कपडे वाळत घालताना गल्लीतलं कुत्रं पोटरीला चावलं, रक्त आलं. ग्रामीण रुग्णालयात दोन्ही दंडांवर इंजेक्शनं दिली. सासूबाई म्हणतात, कोर्स संपेपर्यंत बाळाला अंगावर घ्यायचं नाही, दुधातून विष उतरतं. कालपासून बाळाला वरचं दूध चालू आहे आणि माझी छाती दगडासारखी झालीय. पुढच्या आठवड्यात बाळाचे साडेतीन महिन्यांचे डोस आहेत. तेही पुढे ढकलायचे का?
– एक वाचक, संगमनेर तालुका

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न आला त्याच दिवशी आपण फोनवर बोललो, कारण अंक छापून येईपर्यंत थांबणं धोक्याचं होतं. इथे लिहितेय ते तुमच्यासारख्या इतर आयांसाठी.

बाळाला लगेच अंगावर घ्या. रेबीजच्या लशीतला विषाणू मारलेला असतो. तो तुमच्या शरीरातच वाढू शकत नाही, मग दुधात कुठून उतरणार? आणि चावण्यातून शिरलेला विषाणू रक्तातून नाही, नसांमधून मेंदूकडे जातो. म्हणून पाजणं थांबवायचं नाही, आणि दूध प्यायलं म्हणून बाळाला लस द्यायचीही गरज नाही. मात्र त्याच कुत्र्याने बाळाला ओरखडलं असेल, तर बाळालाही लस हवी.

सासूबाईंवर रागावू नका. त्यांच्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची आणि कधीकधी तिचे गंभीर त्रास व्हायचे. आपल्या देशात ती वीसेक वर्षांपूर्वी बंद झाली. आताची लस प्रयोगशाळेत पेशींवर वाढवतात आणि सरकारी दवाखान्यात ती दंडाच्या कातडीत टोचतात : पहिल्या दिवशी (तो शून्य धरायचा), मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. एकही तारीख चुकवू नका. रेबीज झाला की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. पाजतेय म्हणून डोस सोडणारी आई पाहिली की माझा जीव घाबरा होतो.

फोनवर मी पहिलं विचारलं ते हेच : जखमेत इंजेक्शन दिलं का? रक्त आलं असेल तर लशीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिनही (विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिपिंडं) लागतं, ते जखमेच्या आत आणि भोवती टोचतात. पहिल्या दिवशी राहून गेलं तर लशीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं. ते घेऊनही पाजता येतं. दुखलं, ताप आला तर पॅरासिटामॉल चालेल. आणि जखमेवर हळद-चुना नको. चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची.

बाळाचे डोस ठरलेल्या दिवशीच द्या. पोलिओ आणि रोटाचे (जुलाबांवरच्या लशीचे) थेंब दिल्यावर अर्धा तास पाजू नका असं अजूनही सांगतात. तसं काही नाही. उलट सुई टोचताना बाळ अंगावर असेल तर कमी रडतं. आशाताईंना तसं सांगून बघा.

पाजणाऱ्या आईने खरंच थांबून विचार करावा अशी एक लस आहे, पीतज्वराची. आफ्रिकेतल्या किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत जाताना ती लागते. तिच्यातला विषाणू जिवंत असतो. २००९ मध्ये ब्राझीलमध्ये बाळंतिणीला ती दिल्यावर दुधातून तो तान्ह्या बाळापर्यंत पोचला आणि बाळाच्या मेंदूला सूज आली. ते बाळ बरं झालं. बाळ नऊ महिन्यांच्या आतलं असेल तर शक्यतो प्रवासच पुढे ढकलावा, आणि जाणं टळत नसेल तर लस घेण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.