पथकात रुजू होण्यापूर्वी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. दहशतवादविरोधी पथकात तुझी बदली झाल्याचं कळलं, फार बरं वाटलं. आईनं पाठवलेले पेढेही पोचले. फोन ठेवताना तू जे विचारलंस त्याला मी ‘सवडीनं लिहितो’ म्हणालो, कारण विषय दोन वाक्यांत उरकण्यातला नव्हता. तू म्हणालास, ‘काका, ज्यानं लोकलमध्ये बॉम्ब ठेवला त्याला वकील काय, मेडिकल काय, चोवीस तासांत कोर्ट काय! त्याच्या हातून मेलेल्यांना कुणी विचारलं होतं?’

प्रश्न खोटा नाही. सरकारी वकील म्हणून माझं उभं आयुष्य कोर्टात गेलं. रक्तानं माखलेले कपडे ओळखायला आलेले बाप मी साक्षीच्या पिंजऱ्यात पाहिलेत, आणि त्या दिवशी आरोपीकडे बघताना मनात काय यायचं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तेव्हा मानवाधिकारांवर व्याख्यान देत नाही. तुझ्या वाक्याचा पहिला तुकडाच घेतो. ‘ज्यानं बॉम्ब ठेवला.’ तो हाच, हे तुला कुणी सांगितलं? खबऱ्यानं? वरच्या साहेबांनी? की त्यानं स्वतःच, तिसऱ्या रात्री?

११ जुलै २००६ ला तू शाळेत असशील. पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत, फर्स्ट क्लासच्या डब्यांत, दहा-अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून जास्त माणसं गेली, आठशेच्या वर जखमी. तेरा जणांवर मकोकाखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली, खटला चालला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी धरलं, पाचांना फाशी आणि सातांना जन्मठेप दिली. तेरावा निर्दोष सुटला, नऊ वर्षं आत काढून. पुढं २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक २०२१ मध्येच नागपूर कारागृहात कोविडनं वारला होता. राज्य सरकार अपिलात गेलंय. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं तीन दिवसांत सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडलं नाही. प्रकरण प्रलंबित आहे, म्हणून शेवटचा शब्द मी बोलत नाही. पण कबुलीजबाबांचं काय झालं ते बघ. मकोकाच्या कलम १८ खाली पोलीस उपायुक्तानं नोंदवलेला कबुलीजबाब पुराव्यात धरता येतो, एरवी पोलिसांपुढची कबुली धरता येत नाही. एवढी मोठी सवलत कायद्यानं दिली, आणि वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांत मजकूर जागोजागी शब्दशः सारखा निघाला. छळाचा आरोप न्यायालयानं ग्राह्य धरला. अख्ख्या खटल्याचा कणाच गेला.

दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, मालेगावच्या २००८ च्या स्फोटाचा निकाल लागला. सहा माणसं गेली होती. सातही आरोपी सुटले. तीसहून जास्त साक्षीदार फितूर झाले आणि दबाव टाकून आमचे जबाब घेतले असं काहींनी भर कोर्टात सांगितलं. आरोपींत एक साध्वी, एक लष्करी अधिकारी. कोठडीत मारहाण झाल्याची तक्रार त्यांचीही होती. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिल्या निकालानं चिडलेले लोक दुसऱ्या निकालाला पेढ्यांचे फोटो टाकत होते, आणि दुसऱ्या एका ग्रुपवर नेमकं उलटं. मी आपला विचार करत होतो त्या घरांचा, जिथून माणूस सकाळी डबा घेऊन गेला आणि आला नाही. इतकी वर्षं, इतके जबाब, इतके पंचनामे, आणि ‘कोणी केलं?’ याला सरकारकडे उत्तर नाही.

आता मालेगावचंच २००६ चं प्रकरण घे. ८ सप्टेंबर, शब-ए-बारातचा शुक्रवार, मशीद आणि कब्रस्तानच्या परिसरात स्फोट, तीसहून अधिक मृत. नऊ स्थानिक मुसलमान तरुणांना पकडलं, कबुल्या झाल्या, आरोपपत्र गेलं. राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे प्रकरण गेल्यावर तपासाची दिशाच फिरली, वेगळ्याच गटाची नावं पुढं आली. आधीच्या आरोपींपैकी बहुतेकांना २०११ मध्ये जामीन मिळाला, २०१६ मध्ये त्यांची आरोपांतून मुक्तता झाली. शिक्षा मात्र अजून एकालाही नाही.

मार खाल्लेला माणूस बोलतो, यात वाद नाही. तुला जे ऐकायचंय तेच तो बोलतो, कारण तेवढं बोललं की पट्टा थांबतो हे त्याला पहिल्या तासात कळतं. आणि एकदा तुला हवं ते मिळालं की तुझा तपास तिथंच संपतो. सीमकार्ड कुणी घेतलं, सायकल कुठल्या दुकानातून गेली, हे शोधत फिरण्याची कुणाला गरज वाटत नाही. साहेबांची पत्रकार परिषद होते, पाठीवर थाप पडते, आणि ज्यानं खरोखर बॉम्ब ठेवला तो कुठंतरी चहा पीत पेपरात स्वतः केलेल्या गुन्ह्यासाठी दुसऱ्याला अटक झाल्याची बातमी वाचतो. कोठडीतल्या मारहाणीचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचसाठी.

तुझ्या कामाचं सांगतो. गोष्ट बिघडते ती अटकेआधी. माणूस उचलला सोमवारी, अटक दाखवली गुरुवारी. मधले तीन दिवस तो कागदावर कुठंच नसतो. त्याची बायको चार पोलीस ठाण्यांचे उंबरठे झिजवते आणि प्रत्येक ठिकाणी ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर मिळतं. गुरुवारी त्याला बुरखा घालून कोर्टात उभं करतात. न्यायदंडाधिकारी विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ तो मागं उभ्या असलेल्या हवालदाराकडे बघतो आणि म्हणतो, ‘नाही साहेब.’ तक्रार नाही अशी नोंद होते. पंधरा दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मिळते. सगळ्यांना वाटतं, निभावलं. मग काही वर्षांनी बचावाचा वकील उठतो आणि स्टेशन डायरी मागतो, गाडीचं लॉगबुक मागतो, तपासी अंमलदाराच्या मोबाइलचे सीडीआर, म्हणजे कॉलच्या नोंदी, मागतो. सोमवारच्या रात्रीबद्दल त्या अंमलदाराची उलटतपासणी सुरू झाली की सरकारी वकिलाला खाली मान घालून कागद चाळत बसावं लागतं. मी बसलोय.

म्हणून ज्या क्षणी माणूस तुझ्या ताब्यात आला तो क्षण डायरीत घाल. अटकेचा पंचनामा तिथल्या तिथं, घरच्या माणसाला कळवलं ती वेळ, अटकेची कारणं लेखी त्याच्या हातात. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याच्या प्रकरणातही कारणं लेखीच द्यावी लागतात, हे सर्वोच्च न्यायालयानं मे २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हा डी. के. बसू खटल्यातला १९९६ चा दंडक आहे. डॉक्टरला ‘घाई आहे, सही करा’ म्हणू नकोस. चौकशीच्या खोलीत कॅमेरा बंद असेल तर चौकशी सुरू करू नकोस. यातलं निम्मं केलंस तरी ‘हा फार कायदा झाडतो’ असं तुझ्याबद्दल बोललं जाईल, आणि एखादी चांगली पोस्टिंगही हुकेल. त्याला इलाज नाही. पण माराच्या खोलीतल्या कागदावर पंच म्हणून, साक्षीदार म्हणून, कशाहीपोटी सही मागितली तर देऊ नकोस. ‘तब्येत बरी नाही’ म्हण, रजा टाक, काहीही कर.

आता मारहाणीच्या बाजूनं नेहमी पुढं केला जाणारा युक्तिवाद. बॉम्ब कुठंतरी टिकटिकतोय, तासाभरात फुटणार, आणि पत्ता फक्त या माणसाला माहीत आहे. मग? प्रशिक्षणात हा प्रश्न हमखास निघतो. वेळ, जागा, माणूस, सगळं आधीच पक्कं माहीत असलेला असा प्रसंग सिनेमात रोज घडतो. मी हाताळलेल्या कागदांत एकही नव्हता. पण मला तो प्रश्न टाळायचा नाही. इस्रायलचं उदाहरण घे, त्यांना बॉम्बांचा अनुभव आपल्यापेक्षा कमी नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये सांगितलं की चौकशीत शारीरिक बळ वापरायचा अधिकार गुप्तचर खात्याला नाही. एखाद्या अधिकाऱ्यानं निकराच्या प्रसंगी वापरलंच, तर नंतर खटल्यात ‘नाइलाज होता’ हा बचाव त्यानं स्वतः मांडावा. पळवाट म्हणून त्या निकालावर पुष्कळ टीका झाली आणि ती काही अंशी खरीही आहे. तरी मला त्यातली एक गोष्ट पटते. आगाऊ परवाना कुणालाच नाही, आणि जोखीम मारणाऱ्याच्या डोक्यावर. ‘शहर वाचवण्यासाठी मी तुरुंगात जायला तयार आहे’ असं म्हणणारा अधिकारी मला अजून भेटायचाय. मारणारे सगळे बढतीच्या रांगेतले.

आणि घाईत मिळालेली माहिती किती महाग पडते तेही बघ. इब्न अल-शेख अल-लिबी नावाचा माणूस २००१ मध्ये पकडला गेला, अमेरिकेनं त्याला इजिप्तच्या हवाली केलं. तिथल्या छळात तो म्हणाला, इराक अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचं प्रशिक्षण देतोय. ते विधान फेब्रुवारी २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पुरावा म्हणून मांडलं गेलं, पुढच्या महिन्यात इराकवर हल्ला झाला. नंतर त्यानं ते सगळं मागं घेतलं.

त्याच मार्चमध्ये ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा सूत्रधार म्हणून खालिद शेख मोहम्मद रावळपिंडीत सापडला. अमेरिकेनं त्याला छुप्या तुरुंगात ठेवून तोंडावर पाणी ओतून गुदमरवण्याचा प्रयोग १८३ वेळा केला. मग ग्वांतानामोचा लष्करी तुरुंग. वीस वर्षं उलटून गेली, त्याच्या खटल्याचा निकाल नाही. छळानंतरचे कुठले जबाब धरायचे, यावरच वर्षानुवर्षं वाद चाललाय. एका सहआरोपीचा जबाब तर लष्करी न्यायाधीशानं २०२५ मध्ये बादच केला. जगातला सगळ्यात बलाढ्य देश, आणि आपल्या तीन हजार मृतांना निकाल देऊ शकत नाही!

आपल्याकडे कसाब होता. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळ्यांनी त्याची एके-४७ दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या पोटात घेतल्या, म्हणून तो जिवंत हाती लागला. त्याला वकील दिला, त्यावरून मुंबईत रण माजलं. कबुली न्यायदंडाधिकाऱ्यापुढं झाली, विचार करायला वेळ देऊन. पुढं खटला चालू असताना तो उभा राहिला आणि गुन्हा कबूल म्हणाला. न्या. टहलियानींनी ती कबुली नोंदवली आणि साक्षीपुरावे पुढं चालूच ठेवले. नंतर तो फिरला तेव्हा कुणाचं काही अडलं नाही, कारण सीएसटीवरचं चित्रण होतं, छायाचित्रं होती, डोळ्यांनी पाहिलेली माणसं होती. ३ मे २०१० ला दोषी, २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. पकडल्यापासून चार वर्षांच्या आत. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्यावर तेव्हा बरेच जण नाराज झाले होते, मी नाही.

खटल्याविना कोंडण्याबद्दल थोडं. हे आपल्याला नवं नाही. २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. सरकारला संशय आला तो सरदार नातू बंधूंचा. १८२७ च्या मुंबई इलाख्याच्या २५ व्या रेग्युलेशनखाली दोघांना आत टाकलं. आरोप नाही, खटला नाही. गोळी झाडणारे चापेकर निघाले, दामोदर चापेकरांना एप्रिल १८९८ मध्ये फाशीही झाली, तरी नातू आतच! आरोपच ठेवलेला नव्हता, मग तो खोटा ठरणार कसा? पुराव्यावर धरलेला माणूस पुरावा पडला की सुटतो. संशयावर धरायला पुरावाच लागत नाही, आणि म्हणून सोडायला निमित्तही मिळत नाही.

आपल्या घटनेच्या २२ व्या कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धता आहे, हे मला ठाऊक आहे. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यावर घटना समितीत कडाक्याची चर्चा झाली, बाबासाहेबांनी त्याला सल्लागार मंडळाची वेसण घातली. गुप्त माहिती कोर्टात उघड करता येत नाही, केली तर खबऱ्या मरतो, ही तुझ्या खात्याची अडचण खरी आहे. काही आठवड्यांची, लेखी कारणांची, दुसऱ्या कुणीतरी तपासलेली स्थानबद्धता मी नाइलाजानं समजू शकतो. मला भीती वाटते ती यूएपीएची. आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत, मग ४३ डी (५) मुळं जामीन जवळपास बंद, आणि खटला उभाच राहत नाही. कागदोपत्री तो कच्चा कैदी. आदिवासींमध्ये काम करणारे पाद्री फादर स्टॅन स्वामी यांना यूएपीएखाली ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली तेव्हा ते त्र्याऐंशी वर्षांचे होते. पार्किन्सनमुळं हातात पेला धरवेना, म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा यासाठी तळोजा तुरुंगातून कोर्टात अर्ज करावा लागला. तपास यंत्रणेचं उत्तर यायला जवळजवळ तीन आठवडे गेले. ५ जुलै २०२१ ला ते वारले, तेव्हा आरोपनिश्चितीसुद्धा झालेली नव्हती. ते दोषी होते की नाही, हे आता कुठलंच कोर्ट सांगणार नाही. रखडलेला खटला हे जामिनाचं कारण होऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये नजीब प्रकरणात म्हटलंय. पण ते सांगायला प्रत्येकाला दिल्लीपर्यंत जाता येत नाही. तुझ्या हातात आरोपपत्र आहे. ते लवकर दे, आणि ज्याच्याविरुद्ध काही नाही त्याचं नाव त्यातून काढ. ‘राहू दे, कोर्ट सोडेल’ म्हणून त्याला आत ठेवू नकोस. कोर्ट सोडतं, पण केव्हा ते वर लिहिलंच आहे.

उच्च न्यायालयाच्या २१ जुलैच्या निकालपत्राची प्रत तुझ्या आईकडं देऊन ठेवतो. फार मोठं आहे, सगळं वाचायला सवड होणार नाही. कबुलीजबाबांचा आणि ओळख परेडचा भाग आधी वाच, रुजू होण्याच्या आत. शंका पेन्सिलीनं समासात मांड आणि मग फोन कर. रात्री नऊनंतर नको, डोळ्यांत थेंब घालून मी लवकर आडवा होतो.

तुझा,
वकीलकाका