माणसाचं माप चुकतंय? आधी एवढंच कर

भावा, तू काढलेली माणसांची स्केचेस बघितली, लाइन चांगली आहे तुझी, फक्त सुरुवात डोळ्यांपासून करतोयस तिथंच गडबड होतीय. चेहरा रंगवत बसलं की डोकं मोठं होतं, मग खाली कागद संपतो म्हणून पाय आखूड, नवीन सगळ्यांचं हेच होतं.

आधी डोक्याची आणि टाचेची खूण कर, मग बरोबर मध्ये एक. तिथं कंबर नाही, जांघ येते, ही एक गोष्ट पक्की झाली तरी निम्मं काम झालं बघ. मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी (एक डोकं म्हणजे माथ्यापासून हनुवटीपर्यंतचं माप), पण शिकताना 8 धर, भाग पाडायला सोपं. वरून डोकी मोजत आलं की 2 ला छाती, 3 ला बेंबी, 4 ला जांघ, 6 ला गुडघे.

- हात खाली सोडला की कोपर कमरेशी, मनगट जांघेशी.
- हाताचा पंजा हनुवटीपासून कपाळापर्यंतच्या मापाएवढा, सगळे लहानच काढतात.

स्नायूबियू आत्ता नको. संध्याकाळी रंकाळ्यावर जा, भेळेच्या गाडीपाशी उभी असलेली माणसं दोन-दोन मिनिटांत उतरव, खोडरबर घरीच ठेव. लहान पोरांना मात्र 8 चं गणित लावू नकोस, त्यांचं डोकं अंगाच्या मानानं मोठंच असतं.