बेसमेंटमधली गाडी ॲपवरून आधीच सुरू करून एसी लावून ठेवणं सुरक्षित आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कांजूरमार्गच्या टॉवरमध्ये राहता, गाडी दुसऱ्या बेसमेंटमध्ये असते. ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात), तिथे कधी ऑफिसच्या उघड्या आवारात जागा मिळते, कधी रस्त्यावरच्या पे अँड पार्कमध्ये. नवीन गाडी पेट्रोल ऑटोमॅटिक, ॲपवरून इंजिन आणि एसी दोन्ही चालू होतात. उतरायच्या आधी दहा मिनिटं लावून ठेवलं तर चालेल का, चार वर्षांच्या मुलाला एसी चालू ठेवून गाडीत बसवता येईल का, आणि भावाच्या जुन्या मॅन्युअल गाडीला बाहेरून असं किट बसवावं का?

बेसमेंटमध्ये नको, कधीच नको. रस्त्यावर कायद्याची अडचण आहे. ऑफिसच्या उघड्या आवारात, गाडी नजरेच्या टप्प्यात असेल तर खुशाल लावा, पण दहा मिनिटं कशाला? मुलाचं आणि भावाच्या गाडीचं शेवटी सांगतो.

मी गोरेगावच्या आमच्या सोसायटीत पार्किंगचा कारभार बघतो आणि माझ्याही गाडीत हे फीचर आहे, त्यामुळे हा विषय दोन्ही बाजूंनी अंगावर येतो. लोक ॲपवर भरवसा ठेवतात, कारण ते बरंच काही तपासतं: दारं लॉक आहेत का, गिअर पी म्हणजे पार्कमध्ये आहे का, बॉनेट बंद आहे का. हे सगळं गाडीच्या आतलं. गाडीच्या बाहेर काय आहे ते त्याला दिसत नाही. जीपीएसमुळे नकाशावर ठिपका कळतो, पण त्या ठिपक्यावर आभाळ आहे की दोन मजले काँक्रीट, हे त्याला कसं कळणार? गाडी स्टॅक पार्किंगच्या, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायच्या यंत्राच्या, वरच्या पाळण्यात चढवलेली असली तरी ॲप इमानदारीत इंजिन सुरू करून देईल.

बेसमेंटचा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो इतर गोष्टींचा, त्यामुळे 'वास येत नाही म्हणजे हवा ठीक आहे' हा हिशेब इथे चुकतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, मग विचार करायची शक्तीच जाते आणि माणसाला बाहेर पडायचंही सुचत नाही. 'अहो, बीएस सिक्स गाडी आहे, धूर कुठे असतो?' असं आमच्याकडे मीटिंगमध्ये हमखास कोणीतरी म्हणतं. बीएस सिक्स म्हणजे गाडीच्या धुरावरचे नवे, कडक नियम. एप्रिल 2020 पासूनच्या गाड्या खरंच स्वच्छ आहेत, पण ती स्वच्छता येते सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे, आणि तो साधारण 250 ते 300 अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. शिवाय थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोलचं प्रमाण जास्त लागतं. म्हणजे सुरू केल्यानंतरची पहिली एक-दोन मिनिटं सगळ्यात घाण, आणि रिमोट स्टार्टमध्ये तीच मिनिटं तुम्ही बेसमेंटला देता. सीएनजीचा धूर पेट्रोलपेक्षा स्वच्छ वाटतो, पण बंद जागेत तोही सुरक्षित नाही.

बेसमेंटला एक्झॉस्ट पंखे असतात हे खरं. पण तुमच्या सोसायटीत ते दिवसभर चालू असतात का, एकदा वॉचमनला विचारा. लाइटबिल वाचवायला ते सकाळ-संध्याकाळ थोडा वेळच लावायची पद्धत कितीतरी ठिकाणी आहे. आणि तिथे माणसं असतात. सकाळी बादली-फडकं घेऊन गाड्या पुसणारी मुलं असतात, मालकाची वाट बघत सीट मागे टाकून झोपलेले ड्रायव्हर असतात. तुम्ही पंधराव्या मजल्यावर बूट घालत असताना खाली तुमच्या सायलेन्सरच्या तोंडाशी कोणी उकिडवं बसून बंपर पुसत असेल. एका गाडीने बेसमेंट भरत नाही, पण नऊच्या सुमारास सगळ्यांनीच हे सुरू केलं तर? आमच्याकडे आम्ही नियमच केला: छताखाली रिमोट स्टार्ट बंद, आणि ड्रायव्हरने इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही. दुसऱ्या नियमावरून जास्त भांडणं झाली.

तसंही, बेसमेंटमध्ये गाडी तापतेच कुठे? रात्रभर सावलीत उभी असते. काचा खाली करून रॅम्पवरून वर या, तोवर एसी लागलेला असतो.

आता बीकेसी. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 126 थांबलेल्या वाहनांबद्दल आहे. सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी ठेवायची तर ड्रायव्हरच्या सीटवर लायसन्स असलेला माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज हवी. या शेवटच्या वाक्यातून वकील वाट काढेल: पी मध्ये लॉक झालेली ऑटोमॅटिक म्हणजे तजवीजच की. काढू दे. पण रस्त्याकडेला रिकामी गाडी घुरघुरतेय आणि शेजारी वाहतूक पोलीस उभा आहे, अशा वेळी हा युक्तिवाद चौथ्या मजल्यावरून खाली येऊन करायचा कोणी? ऑफिसच्या आतल्या, लोकांना मुक्त प्रवेश नसलेल्या आवाराची गोष्ट वेगळी.

तिथे वापरा, पण आधी गाडीकडे बघा. कव्हर घातलेलं असेल तर कदापि नाही. गरम सायलेन्सरला कव्हरचं कापड चिकटतं, जळतं, आणि धूर कव्हरखालीच कोंडतो. उन्हाने गाडीचा रंग जातो म्हणून मुंबईत अर्धी जनता कव्हर घालते, आणि ॲपमध्ये 'कव्हर काढलं का?' असा प्रश्न येत नाही. गाडी भिंतीला किंवा कुंपणाला मागून टेकवून लावली असेल, खाली वाळलेला पाला साचला असेल, तरीही नको. आणि मांजरं. पावसाळ्यात ती ऊब आणि कोरडी जागा शोधत बॉनेटखाली, पट्ट्यांच्या आसपास जाऊन बसतात. चालत जाऊन गाडी सुरू करणारा माणूस निदान दार आपटतो, तेवढ्याने मांजर पळतं. ॲप आवाज न करता थेट सेल्फ मारतं. म्हणून मी म्हणतो की गाडी दिसत असेल तरच बटण दाबा.

किती वेळ? बऱ्याच ॲपमध्ये दहा मिनिटांपर्यंत वेळ ठरवता येते, आणि लोक दहाच ठेवतात, फुकट मिळाल्यासारखी. एसीचा कॉम्प्रेसर पेट्रोल गाडीत इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं, पुढून वारा लागत नाही, त्यामुळे एसी अर्ध्या ताकदीनेच काम करतो. चालत्या गाडीत पाच मिनिटांत होणारं काम उभ्या गाडीत दहा मिनिटांतही होत नाही. पेट्रोल मात्र जळत राहतं.

त्याहून चांगला उपाय अगदी साधा आहे. बाहेर 33-34 अंश असताना उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात आत 50 च्या आसपास पारा जातो. ती भट्टीसारखी हवा एसीने थंड करत बसण्यापेक्षा आधी बाहेर हाकला. डावीकडची मागची काच पूर्ण खाली करा आणि ड्रायव्हरचं दार चार-पाच वेळा पंख्यासारखं उघडा-मिटा. मग चारही काचा खाली, ब्लोअर फुल, हवा बाहेरून घेणारी सेटिंग, आणि गाडी हलवा. पहिल्या एक-दोन सिग्नलपर्यंत आतली हवा बाहेरच्या इतकी होते. तेव्हा काचा वर करून हवा आतल्या आत फिरवायचं बटण दाबा. पुढच्या काचेला चंदेरी पडदा लावण्याची सवय ठेवलीत तर स्टिअरिंगला हात लावता येतो, आणि त्याचा उपयोग मला तरी ॲपपेक्षा जास्त वाटतो. खरं सांगायचं तर रिमोट स्टार्टची खरी गरज बर्फ पडणाऱ्या देशांत आहे, जिथे सकाळी काचेवर बर्फाचा थर असतो. आपल्याकडे ते जाहिरातीत छान दिसतं.

जुलैमध्ये तर याने उलटाच त्रास होतो. दमट हवेत 18 वर एसी लावून ठेवलात तर काच आतून इतकी गार होते की तिच्या बाहेरच्या बाजूला धुकं धरतं. बसल्या बसल्या तुम्ही आतून फडकं मारता आणि काही पुसलं जात नाही. वायपर मारा आणि तापमान 24-25 वर आणा.

पाणी तुंबलेलं असेल तर ॲपला हातच लावू नका. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा काचा न उघडल्याने गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात सायनजवळ बंद गाडीत बसून राहिलेल्या एका तरुण वकिलाचा गुदमरून मृत्यू झाला. सायलेन्सर पाण्याखाली असेल तर धुराला नीट वाट मिळत नाही आणि तो गाडीत शिरू शकतो, म्हणून अशा वेळी एसी लावून आत थांबायचं नसतं, बाहेर पडायचं असतं. आणि उभी गाडी बुडाली असेल तर 'चालू होते का बघू' म्हणून लांबून सेल्फ मारणं सगळ्यात महाग पडतं. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन उघडावं लागतं. साध्या विम्यात हा खर्च सहसा बसत नाही, त्याला इंजिन प्रोटेक्ट नावाचं जोड-संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. शिवाय पाण्यात सेल्फ तुम्ही मारलात हे विमा कंपनीने काढलं तर त्यावरूनही वाद होतो.

ईव्ही, म्हणजे विजेवरची गाडी, असती तर माझं उत्तर वेगळं असतं. तिथे इंजिनच नाही, धूर नाही, बेसमेंटमध्येही एसी आधी लावायला हरकत नाही. चार्जरला लावलेली असताना लावलात तर आत बसेपर्यंतचा खर्च बॅटरीवर न पडता विजेच्या मीटरवर पडतो. हायब्रिडवाले (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या गाडीचे मालक) मात्र स्वतःला ईव्हीवाले समजतात. बॅटरी उतरली की हायब्रिडचं इंजिन न विचारता सुरू होतं, म्हणून बंद जागेत तिला पेट्रोल गाडीच समजा.

मुलाबद्दल. एसी चालू आहे म्हणून त्याला 'दोन मिनिटांत आलो' करून गाडीत ठेवू नका. ॲपवरून सुरू केलेलं इंजिन वेळ संपली की बंद होतं, आणि बंद होताना कोणाला विचारत नाही. काचा वर, दारं लॉक, आणि उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं. काच बोटभर खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. बिल घ्यायची रांग, लिफ्ट, ओळखीचं कोणी भेटणं, यात दोन मिनिटांची पंधरा कधी होतात कळत नाही. नेटवर्कचाही भरवसा नाही. मॉलच्या तळघरात फोनला रेंज नसते, तशीच गाडीतल्या सिमलाही नसते. सुरू करण्याचा आदेश जसा पोहोचत नाही तसा पुन्हा सुरू करण्याचा किंवा बंद करण्याचाही पोहोचत नाही. आणि ॲपला पिन लावा. चार वर्षांच्या पोराच्या हातात फोन असतोच, आणि त्या ॲपमधलं ते गोल बटण फार आकर्षक असतं.

भावाच्या गाडीचं उत्तर नाही. कंपनीने मॅन्युअल गाडीत हे दिलं तर गाडी न्यूट्रलला आहे आणि ब्रेक लागलेला आहे याची खात्री करणारी व्यवस्था सोबत देते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या ठिकाणी जे स्वस्त किट मिळतं त्यात ती बहुधा नसते. आपल्याकडे उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवायची सवय आहे. अशा गाडीला लांबून सेल्फ मारला की ती दचकून पुढे जाते, आणि पुढे कोण उभं आहे ते पाहायला ड्रायव्हर नसतो. त्यातून किल्लीतली चिप जवळ नसेल तर इंजिन सुरू होत नाही, ही अडचण टाळायला काही जण दुसरी किल्ली डॅशबोर्डच्या आत दडवून ठेवतात, म्हणजे चोराची सोय झाली. वायरिंग कापलं की वॉरंटीचा प्रश्न वेगळाच. भावाला त्या पैशांत उभ्या गाडीच्या काचेला लावायचे चांगले चंदेरी पडदे घेऊ दे, आणि एसीचा गॅस व केबिन फिल्टर तपासून घेऊ दे. जुन्या गाडीत एसी उशिरा थंड होतो तो कित्येकदा धुळीने बुजलेल्या फिल्टरमुळेही.